माडाच्या शेंड्याला कसली सुरक्षा?

गोव्यात आमच्या घराच्या दक्षिणेला जो नवा व्हिला झालाय त्यात कोणी राहत नाही. नाताळात आठवडाभर गाड्या येतात, मग मे महिन्यात एखादी सुट्टी, बाकी वर्षभर गेटला कुलूप. दिवे मात्र रोज. तिन्हीसांजेला लागतात आणि सकाळी पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन येतो तोवर जळत असतात. कंपाउंडवर पांढरेफटक एलईडी फ्लडलाइट, पोर्चमध्ये दिवे, पाणी नसलेल्या स्विमिंग पूलमध्ये निळे दिवे, आणि ह्या सगळ्यावर कडी म्हणजे माड. प्रत्येक माडाच्या बुंध्याशी एक दिवा, तोंड वर, सरळ आभाळात.

सुरक्षेसाठी म्हणे! अहो, माडाच्या शेंड्याला कसली सुरक्षा? इथे भरदिवसा पैसे मोजून नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, त्याच्या नाकदुऱ्या काढता काढता नारळ आपणहून खाली पडतात. रात्री दोन वाजता कोण चढणार आहे वर चोरायला? चढलाच कोणी तर मी त्याला आमचेही माड दाखवतो. अर्धे नारळ त्याचे, वर चहा.

मला राग येण्याचं कारण आमच्या परसात आहे. चिऱ्याची छोटी खोली, वर सरकतं पत्र्याचं छप्पर, आत दुर्बीण. मधोमध काँक्रीटचा खांब, तोही कोब्यापासून सुटा ठेवलेला, म्हणजे खोलीत कोणी चाललं तरी हादरा दुर्बिणीला पोचू नये. छपराला बसवलीय ती लोक सरकत्या गेटला लावतात तीच मोटर, दोन्ही टोकांना मोटर थांबवणारे लिमिट स्विच. मला सकाळी कामावर जायचं असतं, रात्रभर जागून फोटो काढणं परवडत नाही, म्हणून सगळं आपोआप चालेल असं करायला घेतलं आणि केलं. अंधार पडला की छप्पर उघडतं. कॅमेरा थंड होतो. दुर्बीण आभाळाचा एक फोटो घेते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी ताडून आपण कुठे बघतोय ते स्वतः ओळखते आणि ठरलेल्या जागी जाऊन थांबते. तापमान उतरलं की फोकस पुन्हा करते. तारा याम्योत्तर, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून पश्चिमेला कलला की सगळा डोलारा आपोआप पलटी घेतो आणि काम पुढे सुरू. पहाटे दुर्बीण जागेवर आडवी झाल्याची खात्री करूनच छप्पर मिटतं, नाहीतर पत्रा थेट नळीवर.

आणि हे गोव्यात करून दाखवलंय, बरं का. ध्रुवतारा आमच्या पेडण्याकडे क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर, म्हणजे कायमचा शेजारच्या फणसाच्या आड. दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा तर तो दिसायला नको? त्यावर तोडगा निघाला: आभाळात तीन ठिकाणी फोटो घ्यायचे आणि अक्ष किती चुकलाय ते सॉफ्टवेअर सांगतं. ढग ओळखायला इन्फ्रारेड सेन्सर आहे. मोकळं आभाळ हवेपेक्षा पुष्कळ थंड भासतं, ढग आले की हा फरक घटतो, एवढंच त्याचं तंत्र. पण ह्यात तयार भरून आलेले आकडे कोरड्या हवेचे. आमच्या दमट हवेत स्वच्छ आभाळही त्याला ढगाळ वाटायचं, ते आकडे इथल्या हवेला बेतून घ्यावे लागले. पावसाच्या सेन्सरवर पाल बसली की त्याला पाऊस वाटतो, तर पाल बसणार नाही अशा तिरक्या जागी तो नेला. फोकस फिरवणाऱ्या यंत्राच्या दात्यांत मुंग्या शिरल्या, त्यांचा बंदोबस्त केला. काचेवर दव धरतं, त्याला गरम पट्टा गुंडाळला. खारी हवा स्क्रू खाते, म्हणून सगळे स्टेनलेस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तेव्हा आत बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेल आणि छोटा डीह्युमिडिफायर. प्रत्येक अडचणीवर उपाय सापडला, कारण प्रत्येक अडचण भिंतीच्या अलीकडे होती.

भिंतीच्या पलीकडचा एक स्विच तेवढा माझ्या हातात नाही.

त्यातही तो व्हिला दक्षिणेलाच असावा! उत्तरेला असता तर निम्मा राग आला असता. गोव्यात राहून दुर्बीण लावण्यात काही अर्थ असेल तर तो दक्षिण आकाशात आहे. युरोपातला हौशी माणूस लाखो रुपयांची दुर्बीण घेऊन बसतो, पण लंडनहून त्याला ओमेगा सेंटॉरी जन्मात दिसणार नाही, तो तिथे उगवतच नाही. आपल्या दीर्घिकेतला, म्हणजे आकाशगंगेतला, सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ, सुमारे एक कोटी तारे, सतरा हजारांच्या आसपास प्रकाशवर्षं लांब, आणि आमच्या परसातून तो चांगला 27 अंश वर येतो. फेब्रुवारीच्या शेवटी पहाटे साडेतीनच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो. त्याच्या आधी कराइना तेजोमेघ, म्हणजे चकाकणाऱ्या वायूचा ढग, चौदा अंशांवरून जातो. त्रिशंकूचे तारेही साधारण तेवढ्याच उंचीवरून. हे सगळं वैभव बरोबर कुठून सरकतं? त्या उजळलेल्या माडांच्या झावळ्यांमधून. दुर्बीण पहाटे शहाण्यासारखी दक्षिणेकडे वळते आणि पाच-पाच मिनिटं झावळ्यांवरून उसळलेला पांढरा उजेड गोळा करते. सकाळी कॉम्प्युटर उघडावा तर प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेला दुधाळ पट्टा. मग रात्रीचं जेवण झालं की तो पट्टा सॉफ्टवेअरने खरवडत बसायचं. त्याबरोबर अंधूक तारेही खरवडले जातात, ते वेगळंच.

आता सल्ले ऐका. पहिला सल्ला ठरलेला: "फिल्टर लाव की रे!" हे सांगणाऱ्याला वाटतं आपण मोठाच शोध लावला. बाबांनो, रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा फिल्टर लावण्यात अर्थ होता. त्यांचा उजेड मुख्यतः 589 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आजूबाजूला, तेवढा पट्टा कापला की बरंचसं भागायचं. पांढरा एलईडी निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, त्यातला काय काय कापणार? वर त्यात निळा उजेड भरपूर, आणि निळाच हवेत सर्वांत जास्त विखुरतो. दमट हवा असेल तर विचारूच नका, अख्खं आभाळ ताक. हायड्रोजनच्या 656 नॅनोमीटरच्या लाल रेषेपुरता अरुंद फिल्टर मिळतो, माझ्याकडे आहे, मृगातल्या तेजोमेघाला तो चालतो. पण ओमेगा सेंटॉरी म्हणजे निव्वळ तारे. ताऱ्यांचा उजेडही सगळ्या रंगांत पसरलेला. दीर्घिकांचंही तेच. फिल्टरने व्हिला जाईल तसे तारेही जातील.

दुसरा सल्ला: काळोख हवा तर चोर्ला घाटात जा. अरे, मग परसात वेधशाळा कशाला बांधली? गाडीत बॅटऱ्या, दुर्बीण फिरवणारं माउंट, वजनं, लॅपटॉप भरून घाटात जायचं आणि पहाटे झोपाळलेल्या डोळ्यांनी परत यायचं, हे टाळायलाच ना? तिसरा सल्ला तर असा की ऐकल्यावर माणसाने बोलणंच सोडावं. "एवढा खटाटोप कशाला, नासाचे फोटो किती छान असतात!" असतात ना. देवळात नामवंत गवई गातात म्हणून तुम्ही घरी आरती म्हणायचं सोडलंत का?

एक गोष्ट मला वर्षानुवर्षं टोचते ती अशी. गोव्यातलं आभाळ मोकळं कधी? साधारण नोव्हेंबर ते मार्च. आणि पर्यटनाचा सीझन कधी? नोव्हेंबर ते मार्च. पाहुणे जातात आणि ढग येतात. ज्या चार-पाच महिन्यांत अमावास्येची रात्र हाताला लागते त्याच महिन्यांत मोरजी-मांद्र्याच्या किनारपट्टीवर आभाळात झोत फिरवले जातात, कोणाच्या तरी लग्नासाठी हिरव्या लेझरची जाळी विणली जाते. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तिकडचं क्षितिज तेव्हापासून उजळ दिसतं. पण विमान उतरवायला दिवा लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाबद्दल नाही, नाताळच्या कागदी ताऱ्याबद्दल तर मुळीच नाही. दोघांमागे घरात माणसं असतात. ज्या घरात माणूस नाही त्याच्या पोर्चमधला दिवा कोणाला वाट दाखवतोय?

जानेवारीत एकदा अमावास्येच्या आसपास करंट गेला. अख्खी वस्ती काळोखात. मी धावत परसात. आमची दुर्बीण बॅटरीवर चालते, तिला वीज गेल्याचा पत्ताही लागला नाही. आणि वर पाहतो तो काय, मृगापासून खाली अगस्त्यापर्यंत आकाशगंगेची फिकट धार स्वच्छ दिसतेय. म्हातारे शेजारीसुद्धा सोप्यावरून उठून अंगणात आले. म्हणाले, "अरे, हे पूर्वी रोज दिसायचं." एवढ्यात तिकडे जनरेटर धडधडला. रिकाम्या व्हिलाला जनरेटर! गावात फ्रिजमधलं मासळीचं कालवण नासायची वेळ, आणि तिकडे डिझेल जाळून माडांचे शेंडे उजळतायत.

मी बोललो नाही असं नाही. तिथल्या राखणदाराशी बोललो, साधा पोरगा, घरापासून हजार मैलांवर एकटा राहतो. तो हळूच म्हणाला, "दादा, मला तरी कुठे ह्या उजेडात झोप लागते? पण साहेब तिकडून कॅमेऱ्यात बघतात. दिवा बंद दिसला तर फोन येतो." आता ते कॅमेरे इन्फ्रारेडवाले, मिट्ट काळोखात व्यवस्थित बघणारे! मी म्हटलं, माणूस फिरला तरच पेटेल असा सेन्सर मी माझ्या पैशाने बसवून देतो. चोर आला तर एकदम पेटलेल्या दिव्याने तो जास्त दचकेल, रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडात त्याला कुलूप तोडायला सोयच होते. त्याने मालकाचा नंबर दिला. मालकाला सविस्तर मेसेज पाठवला, फोटोंसकट. दोन निळ्या टिका. मग बऱ्याच दिवसांनी उत्तर: सेफ्टीचा प्रश्न आहे, शिवाय पाहुण्यांना ॲम्बियन्स आवडतो, आणि तुम्हाला ताऱ्यांची एवढी आवड आहे तर एकदा लडाखला जाऊन या, तिकडचं आकाश फार सुंदर आहे.

लडाखला! हो, हानलेला आहे ना सुंदर. डिसेंबर 2022 मध्ये तिथे देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेला प्रदेश, जाहीर झालं. का सुंदर आहे? उंच, कोरडी जागा आहे म्हणून, आणि तिथल्या गावकऱ्यांनी खिडक्यांना जाड पडदे लावले, दिव्यांना झाकणं घातली म्हणूनही. पेंचच्या जंगलालाही जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला. म्हणजे तिकडच्यांनी दिवे झाकायचे, आणि इकडच्याने दिवे उघडे टाकून तिकडे बघायला जायचं. मी उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. त्यातला एकही शब्द इथे देण्यासारखा नाही.

कासवांचं नशीब माझ्यापेक्षा बरं. मोरजीला, मांद्र्याला ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, पिल्लं बाहेर पडली की उजळ दिसेल त्या दिशेने धावतात आणि समुद्राऐवजी किनाऱ्यावरच्या शॅकच्या दिव्याकडे जातात. हे एकदा सांगितलं की निदान लोक मान हलवतात. ओमेगा सेंटॉरी सांगितला की जांभई देतात.

शेवटी पंचायतीत गेलो. रात्री दहानंतर स्पीकर वाजला तर 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, तक्रार घेता येते. उजेडाचं काय? कारकुनाने दोनदा विचारलं, "म्हणजे दिवा लागत नाही अशी तक्रार आहे ना?" नाही हो, लागतो अशी आहे. त्याने रजिस्टर पुढे-मागे चाळलं. गटार आहे, कचरा आहे, आवाज आहे, भटकी कुत्री आहेत, उजेडाचा रकाना नाही. फ्रान्समध्ये इमारतींवरचे शोभेचे दिवे रात्री एकला विझवायचा नियम 2013 सालीच झाला, हे सांगितलं तर शेजारी बसलेले पंच म्हणाले, "इथे पोर्तुगीज होते, फ्रेंच नव्हते." सगळे हसले. ह्याच मंडळींनी ऑगस्ट 2023 मध्ये चांद्रयान उतरलं तेव्हा पेढे वाटले होते, मीही खाल्ला होता.

मग मी विचारलं, दिवा बंद होत नसेल तर निदान माझ्या हद्दीत दक्षिणेची भिंत उंच करून वर काळं शेडनेट लावू का? कारकून ताबडतोब सावध झाला. असं कसं लावता येईल? भिंत उंच करायची तर परवानगी लागेल. नकाशा लागेल, जमिनीचे उतारे लागतील, आणि शेजाऱ्याची हरकत नसल्याचं पत्र. ह्याचा फॉर्म मात्र त्याच्याकडे तयार होता. ड्रॉवरमधून काढून त्याने लगेच माझ्या हातात ठेवला.