इस्मिनी भित्री नव्हती

अँटिगनीचा विषय निघाला की एक मांडणी ठरलेली असते. समाजमाध्यमांवर ती साधारण या शब्दांत फिरते: "अँटिगनीने कुटुंबासाठी कायदा मोडला. इस्मिनीने जिवाच्या भीतीने कायद्याची बाजू घेतली. एक बहीण शूर, दुसरी भित्री." तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही प्राचीन ग्रीक नाटककार सॉफोक्लीसच्या 'अँटिगनी' या नाटकाशी जुळत नाहीत. अँटिगनी मला अतिशय प्रिय आहे. पण तिला मोठं करण्यासाठी तिच्या बहिणीला लहान करायची काहीच गरज नाही.

कथा थोडक्यात अशी. ग्रीसमधल्या थीब्स शहराच्या गादीवरून ईडिपस राजाचे दोन मुलगे, म्हणजे या बहिणींचे भाऊ, लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. त्यांचा मामा क्रेऑन राजा झाला. त्याने हुकूम काढला की शहराच्या बाजूने लढलेल्या इटिओक्लिसला मानाने पुरायचं, आणि परकी फौज घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसिसचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकायचं. हुकूम मोडेल त्याला भर गावात दगडांनी ठेचून मारायचं. अँटिगनी पहाटे इस्मिनीला राजवाड्याबाहेर बोलावते आणि विचारते, भावाला पुरायला येतेस का?

इस्मिनी नाही म्हणते, हे खरं. पण ती कायद्याची बाजू घेते का? पहिला प्रवेश सावकाश वाचा. क्रेऑनचं बरोबर आहे, असं ती एकदाही म्हणत नाही. पॉलिनायसिस देशद्रोही होता, त्याला हेच हवं होतं, असंही म्हणत नाही. उलट ती मृतांची क्षमा मागते: माझ्यावर बळजोरी आहे, मला माफ करा. म्हणजे पुरणंच योग्य आहे हे तिला मान्य आहे, फक्त ते आपल्या हातून होणार नाही असं तिला वाटतं. शिवाय अँटिगनीचा बेत कळल्यावर ती पहारेकऱ्यांकडे धावत नाही. "हे कुणाला सांगू नकोस, मीही गप्प राहीन," असं म्हणते. त्यावर अँटिगनीच उसळते: खुशाल ओरडून सांग, गप्प राहिलीस तर तुझा जास्तच तिटकारा येईल. कायद्याची बाजू घेणारी व्यक्ती गुन्हा लपवायला तयार होत नसते.

आणि ज्याला आपण 'कायदा' म्हणतो तो काही तासांपूर्वी गादीवर आलेल्या एका माणसाचा हुकूम आहे. अथेन्समध्ये देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या म्हणजे अथेन्सच्या प्रदेशाच्या हद्दीत पुरू देत नसत, हे इ.स.पू. 441च्या सुमारास नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना ठाऊक होतं. पण हद्दीबाहेरसुद्धा माती द्यायची नाही, असा हट्ट क्रेऑनचा.

आता 'भित्री'. इस्मिनी नकार देते तेव्हा आधी घरातले मृत्यू मोजते. बापाने स्वतःच्या हाताने डोळे फोडले आणि बदनामीत गेला. आईने गळफास घेतला. दोन भाऊ एकाच दिवशी संपले. आता आपण दोघीच उरलो. आपण बायका आहोत, सत्ता पुरुषांच्या हातात आहे, असंही ती म्हणते, आणि त्या काळच्या थीब्समध्ये काय, अथेन्समध्ये काय, ते शब्दशः खरं होतं. हे सगळं बोलणारी बाई फक्त स्वतःच्या जिवाचा विचार करत नसते. घरातलं अजून एक माणूस जाऊ नये म्हणून ती धडपडत असते.

या नाटकाबद्दल बोलताना लोक जो प्रवेश हमखास विसरतात तो याच्या पुढचा. अँटिगनी पकडली गेली आहे. दुपारच्या उन्हात धुळीचं वादळ उठलं, ते ओसरलं तेव्हा पहारेकऱ्यांना ती प्रेताजवळ सापडली, पिल्लं नाहीशी झालेलं घरटं पाहून पक्षीण आक्रोश करते तशी रडत. हाताने कोरडी माती टाकत होती आणि काशाच्या झारीने तीन वेळा तर्पण करत होती. तिने सगळं कबूल केलं आहे. मरण ठरलेलं आहे. अशा वेळी इस्मिनीला बाहेर आणतात. कपाळावर दुःखाचं सावट, चेहरा लालबुंद, गाल ओले. क्रेऑन विचारतो, पुरण्यात तुझा हात होता का? "नाही" म्हणाली असती तर ते सत्यच ठरलं असतं. ती म्हणते, "हो, हिची हरकत नसेल तर. दोषात माझाही वाटा आहे."

जिवाला घाबरणारी व्यक्ती न केलेला, मृत्युदंडाचा गुन्हा अंगावर घेते का?

तिला नाकारते ती अँटिगनी. नुसत्या शब्दांनी प्रेम करणारी मला नको, म्हणते. तू जगणं निवडलंस, मी मरण. पण त्याच संवादात "माझं मरण पुरेसं आहे", "तू स्वतःला वाचव, मला त्याचा हेवा नाही" हेही येतं, आणि तुला टोचून बोलताना मलाही यातना होतात, हेसुद्धा. हा राग आहे की बहिणीला वाचवण्याची धडपड? मला दोन्ही ऐकू येतं. त्यानंतर क्रेऑनशी वाद घालते ती इस्मिनी. अँटिगनी ज्याची वाग्दत्त वधू आहे त्या हेमॉनचा, क्रेऑनच्याच मुलाचा, विषय आधी तीच काढते. स्वतःसाठी दयेचा एक शब्दही ती मागत नाही. क्रेऑन दोघींनाही मारायला निघालेला असतो. नंतर गावातले वृद्ध "दोघींना?" असं विचारतात, तेव्हा कुठे तो इस्मिनीला सोडतो.

राहिलं 'कुटुंबासाठी'. इथे अँटिगनीचे स्वतःचेच शब्द आडवे येतात. मरणाकडे जाताना ती म्हणते की नवरा किंवा मूल असतं तर त्यांच्यासाठी मी हुकूम मोडला नसता. नवरा दुसरा मिळेल, मूल दुसरं होईल, पण आईबाप गेल्यावर भाऊ पुन्हा मिळत नाही. या ओळी जर्मन कवी ग्योटेला इतक्या खुपल्या की त्या मागाहून घुसडलेल्या ठरल्या तर बरं, असं त्याला वाटे. पण त्या अ‍ॅरिस्टॉटलनेही उद्धृत केल्या आहेत, तेव्हा त्या जुन्याच. त्याच शेवटच्या वाटेवर ती स्वतःला राजघराण्यातली शेवटची उरलेली म्हणवते. इस्मिनी तर जिवंत आहे! म्हणून मला वाटतं, या बहिणींमधला वाद कुटुंब विरुद्ध कायदा असा नाहीच. दोघीही घराच्याच आहेत. मेलेल्यांचं देणं आधी की उरलेल्यांचं, यावर त्यांचं भांडण आहे.

सॉफोक्लीसला ठाम बहीण आणि सावध बहीण अशी जोडी आवडत असे. 'इलेक्ट्रा'मध्ये इलेक्ट्राची सावध बहीण ख्रिसोथेमिस आईने बापाच्या थडग्यासाठी दिलेली पूजा टाकून द्यायला तयार होते, आणि दूर असलेला भाऊ ओरेस्टिस परत आलाय हे थडग्यावरच्या केसांच्या बटेवरून तीच बरोबर ओळखते. इलेक्ट्राचा त्यावर विश्वास बसत नाही.

इस्मिनीकडे तर तो आयुष्याच्या शेवटी पुन्हा वळला. 'ईडिपस कोलोनसमध्ये' हे नाटक इ.स.पू. 401 साली, त्याच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं. ते 'अँटिगनी'पेक्षा वेगळं, कितीतरी वर्षांनी लिहिलेलं नाटक आहे, आणि त्यातली कथा 'अँटिगनी'च्या आधीची, ईडिपस जिवंत असतानाची आहे, पण इस्मिनी कोण हे ठरवताना ते बाजूला ठेवता येणार नाही. आंधळ्या बापाचा हात धरून अँटिगनी रानोमाळ फिरते. इस्मिनी थीब्समध्ये राहून बापासाठी देववाण्या मिळवते आणि थेबन लोकांच्या नकळत त्याच्याकडे पोचवते. या नाटकात ती शिंगरावर बसून, उन्हासाठी टोपी घालून, एकाच विश्वासू नोकराला घेऊन येते. देवींच्या राईत बापाच्या वतीने तर्पण करायचं असतं, त्याला चालवत नाही, तेव्हा "मी जाते" म्हणणारी इस्मिनीच. आईबापांसाठी केलेल्या कष्टांची आठवण ठेवायची नसते, एवढं बोलून ती एकटी निघते. आणि ईडिपसला परत न्यायला आलेल्या क्रेऑनच्या हाती आधी तीच लागते, अँटिगनी नंतर.