प्रेरणा सापडत नाही

वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात नोकरीसाठी अर्ज भरत होतो. नाव, पत्ता, शिक्षण, इथवर गाडी सुरळीत चालली. मग रकाना आला : 'क्रीडा पत्रकारितेत येण्यामागची प्रेरणा (३०० शब्द)'.

मला नोकरी हवी आहे. झाले चार. उरलेले २९६ आणायचे कुठून?

सदाशिव पेठेत कुणाचं काही हरवलं की न बोलावता चार माणसं शोधायला येतात. प्रेरणेलाही आली. काका म्हणाले, "निंबाळकर लिही! १९४८, आपल्या पुण्यात, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर, आणि समोरचे सामना सोडून चालते झाले! रक्त कसं खवळतं बघ." खवळलं, पण काकांचं. त्यांचा जन्म १९५१ चा.

बाबांकडे मात्र अस्सल माल होता. २९ फेब्रुवारी १९९६ ला ते खुद्द नेहरू स्टेडियममध्ये होते. विश्वचषक, केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनियाचा डाव १६६ वर आटोपला. "विंडीजला एवढ्या धावा म्हणजे काय, हातचा मळ," असं म्हणून बाबा घरी आले, वरण-भात जेवले आणि आडवे झाले. तिकडे विंडीज ९३ त गारद. क्रिकेटचा इतिहास हाकेच्या अंतरावर घडत होता आणि बाबा घोरत होते. आईनं उठवलं का नाही, हा वाद आमच्या घरात अजून सुरू आहे. आईचं म्हणणं, मला काय माहीत कोण केनिया. आता 'प्रेरणा : वडिलांची वामकुक्षी' असं अर्जात कसं लिहिणार?

खरी प्रेरणा मला ठाऊक होती. म्हणूनच तर पंचाईत.

आठवीत मी शाळेच्या खो-खो संघात राखीव होतो. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि बाकीच्यांच्या चपला सांभाळणारा. आंतरशालेय सामना आम्ही एक डाव राखून जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात, आतल्या पानावर, तळाशी छापून आलं : 'अ. कुलकर्णी (२.१० मि. संरक्षण)'. पळाला होता अनिकेत कुलकर्णी. मी अमोल. पण वाड्यात पेपर आमच्याकडेच यायचा.

आजीनं साखर वाटली. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी, ज्या एरवी जिन्यात पळालो म्हणून ओरडायच्या, "पळ हो, सराव कर" म्हणून वाट दिली. मी गप्प. पाच शब्दांत केवढी ताकद असते, ते मला त्या दिवशी कळलं. अनिकेतशी मात्र आठवडाभर नजर चुकवत होतो.

हे लिहायचं तर पहिल्याच दिवशी विश्वासार्हता गेली. शेवटी निंबाळकरांवर १५० आणि केनियावर १४६ शब्द पाडले. बाबांची झोप गाळली.

पाकीट चिकटवणार, तेवढ्यात आजी देवघरातून आली. हातात पोथीत जपलेलं पिवळं कात्रण.

"हे जोड रे सोबत. पुरावा असलेला बरा."