सलाईनच्या आधी नालीतला वॉल्व पाहा
मागच्या पावसाळ्यात आमच्या गावात हगवण-ओकारीची साथ आली तेव्हापासून हे लिहायचं होतं. पहिल्या दिवशी तीन घरं, तिसऱ्या दिवशी अर्धं गाव. कोणी म्हणे हवा बदलली, कोणी म्हणे फवारणीचं औषध पोटात गेलं. आशाताईनं रजिस्टर उघडून घरं मोजली तर सगळे पेशंट नळाच्या एकाच लाईनवरचे, अन् त्याच आळीत ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांच्या घरी कोणालेच काही नाही!

त्या लाईनचा वॉल्व नालीत आहे. नालीच्या बाजूला नाही, नालीत, वरून सायकलची ट्यूब गुंडाळलेली. लाईट गेली की मोटर बंद, पाईपातला जोर गेला की तोच पाईप नालीतलं पाणी आत ओढते, मग नळ आला की पहिली घागर त्याचीच भरते. 2022 च्या जुलैमध्ये मेळघाटात पाचडोंगरी-कोयलारीले विहिरीच्या दूषित पाण्यानं कॉलरा झाला, माणसं गेली, ते काय लांब आहे का आपल्यापासून?

अन् दुसरं, आपलं सलाईनचं वेड. माझी मोठी आई पार गळून गेली होती तरी म्हणे, "मले पुडीचं पानी नोको, बाटली लाव." आशाताई तिच्या उशाशी बसली अन् दोन तास चमच्या चमच्यानं ओआरएस पाजत राहिली, ओकली की दहा मिनिटं थांबायचं, परत चमचा. संध्याकाळी लघवी झाली तेव्हा आमच्या जीवात जीव आला. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, बनगावच्या छावणीत सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून मरणाचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणलं. साखर आतड्यातून मिठाले सोबत घेऊन जाते, मिठाच्या मागं पाणी जाते, एवढंच त्याचं तंत्र. पेशंट बेशुद्ध होत असेल, पिणंच होत नसेल तर सलाईन पाहिजेच, तिथं एक मिनिट घालवू नका. पण बाकीच्यांना गाडी शोधण्यात अर्धा दिवस कोरडं ठेवणं हा जीवाशी खेळ आहे.

साथीत ग्रामपंचायतीनं टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलं, पण पोतं कधीचं उघडं पडलेलं, उघड्या पोत्यातला क्लोरीन उडून जाते, मग उरते नुसता चुना. पाण्यात क्लोरीन असला की ओटी टेस्टले ते पिवळं होते, आमचं पाणी पिवळं झालंच नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

वॉल्व अजूनही नालीतच आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हाच विषय मांडतो आहे, ज्यांच्या घरचं कोणी तेव्हा आजारी होतं त्यांनी या.