‘पॉश’ शब्द मुंबईच्या बोटीवर जन्मला नाही

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: ब्रिटिश काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेत, कारण त्या बाजूला ऊन कमी. त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (बोटीची डावी बाजू म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड) आद्याक्षरं, म्हणजे पी-ओ-एस-एच, जांभळ्या शाईने उमटवलेली असत. त्यावरून ‘पॉश’.

गोष्टीत मुंबई आहे, म्हणून ती आपल्याला जवळची वाटते. पण ती खरी नाही, आणि मुलांना सामान्यज्ञान म्हणून ती शिकवली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आधी तिकीट. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कंपनीच्या जुन्या कागदपत्रांतही त्याचा पुरावा मिळालेला नाही. हजारो माणसांनी या बोटींतून प्रवास केला, त्यांतल्या कितीतरी जणांनी पत्रं, रोजनिशा, आठवणी लिहिल्या. शिक्का खरंच असता तर कुठेतरी एक ओळ आली असती.

मग काळ. ‘झकपक, रुबाबदार’ या अर्थाने ‘पॉश’ छापून येऊ लागला तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. सप्टेंबर १९१८ च्या ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातल्या एका व्यंगचित्रात तरुण वैमानिक हा शब्द वापरतो आणि त्याच्या आईला त्याचा अर्थ विचारावा लागतो. म्हणजे तेव्हा तो नव्या पोरांच्या तोंडचा शब्द होता. बोटीची गोष्ट छापील स्वरूपात दिसते ती थेट १९३५ मध्ये. या बोटी ज्यातून येत तो सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला. मधल्या सहा-साडेसहा दशकांत ती कुणीच का लिहिली नाही?

आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची सवयही मुख्यतः विसाव्या शतकातली; ‘रडार’ तसा घडला. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याला ‘पॉश कायदा’ म्हणतात, तोही खरोखरच आद्याक्षरांचा. पण त्याचा या जुन्या शब्दाशी संबंध नाही.

सावलीचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे, कारण लोक त्यालाच भुलतात. एडनहून मुंबईकडे येणाऱ्या बोटीचा रोख साधारण पूर्व-ईशान्येकडे, त्यामुळे डावी बाजू उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा डावीकडे सावली असणार, हे बरोबर. पण मुंबईचा शून्य सावली दिवस आठवा: मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी तो आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत मुंबईजवळ दुपारचं ऊन डाव्या बाजूलाच. तांबड्या समुद्रात तर बोट आग्नेयेकडे जाते. तिथे सकाळचं ऊन डावीकडे आणि दुपारनंतरचं उजवीकडे. म्हणजे हिशोब ऋतूनुसार आणि टप्प्यानुसार बदलणारा. शिवाय चांगली केबिन कोणती हे प्रवाशांना ठाऊक असलं, तरी त्यावरून शब्द तयार झाला हे सिद्ध होत नाही.

मग तो आला कुठून? अगदी पक्कं उत्तर कोशकारांकडेही नाही. पण जुन्या नोंदी साहेबांच्या केबिनऐवजी लंडनच्या रस्त्यावर नेतात. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या चोर-भामट्यांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, विशेषतः अर्ध्या पेनीसारखं किरकोळ नाणं. १८९० च्या एका बोलीकोशात त्याचा ‘छानछोकी करणारा’ असाही अर्थ दिला आहे. पैशाचा अर्थ रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या ‘पॉश’वरून आला असावा, असं मानलं जातं. रोमानी ही युरोपभर विखुरलेल्या रोमा लोकांची भाषा. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले आणि त्यांची भाषा मराठी, हिंदीच्याच भारतीय-आर्य कुळातली आहे.