शहाबादीवर लिंबू पिळण्याआधी

सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर, एक लिंबू, दोन चमचे खायचा सोडा आणि झाकणभर ब्लीच घाला. कुठलीही फरशी चकाचक होईल, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जातील, सोड्याचा फेस मळ उचलेल, जंतू मरतील, आणि केमिकल अजिबात नाही! एकेक दावा बघू.

‘केमिकल अजिबात नाही.’ ब्लीच घालायला सांगून वर हे म्हणायला धाडस लागतं. पुढं.

‘कुठलीही फरशी.’ खरी गोम इथं आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत पायाखाली असते शहाबादी. ती येते कलबुर्गीपलीकडच्या शहाबादहून, आपल्याच रेल्वेमार्गावरच्या गावातून. हा चुनखडीचा दगड, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याच भागातल्या चुनखडीपासून वाडी या गावी सिमेंट बनतं. कडप्पा, कोटा आणि संगमरवर याच गोत्रातले. मोझॅक लादीत संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, त्यामुळं तीही सुटत नाही. लिंबू आणि व्हिनेगर हे दोन्ही या दगडाला खातात. पटत नसेल तर कपाटाआडच्या कोपऱ्यात शहाबादीवर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे उठतील आणि वाळल्यावर फिकट, खरबरीत ठिपका राहील. तो डाग नाही, झीज आहे. कितीही पुसा, जात नाही. पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं.

‘पांढरे डाग जातील.’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच मेसेज इतका पटतो. तो पांढरा थर बहुतेक कॅल्शियमच्या क्षाराचा असतो आणि आम्लात विरघळतो. पण शहाबादी स्वतः त्याच पदार्थाची! क्षार कुठं संपला आणि फरशी कुठं सुरू झाली, हे व्हिनेगरला कळत नाही. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिक टाइल्सवर मात्र खुशाल वापरा: पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर, दोन-चार मिनिटं, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. सांध्यांत सिमेंट असेल तर तिथं रेंगाळू देऊ नका. शहाबादीवर क्षार साचूच न देणं बरं. फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि मागोमाग कोरडं फिरवायचं. ‘नळाच्या गोड्या पाण्यानं पुसा’ असं सांगणं सोपं आहे, पण जिथं नळाला रोज पाणी येत नाही तिथं ते कोण ऐकणार?

‘सोड्याचा फेस मळ उचलतो.’ फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड. सोडा आणि आम्ल एकमेकांना मारतात, मागं उरतं क्षाराचं पाणी. व्हिनेगर जास्त पडलं तर दगड खाणार, सोडा जास्त पडला तर वाळल्यावर पांढरी पूड दिसणार, आणि प्रमाण अगदी नेमकं जमलं तर दोन्ही वाया.

‘जंतू मरतील.’ इथं थट्टा नाही. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटू शकतो. डोळे चुरचुरतात, घसा जळतो, दम्याच्या माणसाला धाप लागते. उन्हाच्या झळा नकोत म्हणून दुपारी खिडक्या बंद असतात, तेव्हा तर धोका आणखी वाढतो. संडासात टाकायच्या ॲसिडबरोबर ब्लीच गेलं तर याहूनही वाईट.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र फरशीला सगळ्यात जास्त मारते: धूळ. वाळूचे कण क्वार्ट्झचे असतात. मोह्सच्या पट्टीवर त्यांची कठीणता 7 आणि चुनखडीची जेमतेम 3. न झाडता ओलं फडकं फिरवलं की आपण फरशी घासतच असतो. आधी मऊ झाडूनं नीट झाडा. मग पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब पुरतात.

ग्रॅनाइट लिंबाला सहसा दाद देत नाही, पण त्यावरचं सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दिलेला लेप) खराब होऊ शकतं. लॅमिनेटला तर बादलीच नको. सांध्यांतून पाणी शिरलं की कडा फुगतात.

आणि शेंगाचटणीचं तेल शहाबादीवर सांडलंच तर पाणी ओतू नका. टिपून घ्या, वर टाल्कम पावडरचा जाड थर द्या, रात्रभर ठेवून सकाळी झाडा. डाग जुना असेल तर हे तीन-चारदा करावं लागेल, तरी थोडी सावली उरेलच.