‘शांती निवास’मधला चहा कोण करत होते?

सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर परवा हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बावर्ची’वरून वाद पेटला. १९७२ सालचा हा चित्रपट आम्हां सर्वांनाच प्रिय आहे. वाद होता तो ‘शांती निवास’ या सतत भांडणाऱ्या घरात अखेर जे सुख नांदते, त्याचे श्रेय कोणाचे, यावर.

मास्तरांच्या मते ते निःसंशय त्या घरात स्वयंपाकी म्हणून आलेल्या रघूचे आहे. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या राजेश खन्नाला अर्ध्या चड्डीत स्वयंपाकघरात उभे करून दिग्दर्शकाने घरकामाला जी प्रतिष्ठा दिली, ती त्या काळच्या हिंदी चित्रपटात दुर्मीळ होती, असे ते म्हणाले. तपन सिन्हांच्या ज्या ‘गल्प होलेओ सत्यि’ या १९६६ सालच्या बंगाली चित्रपटावरून ‘बावर्ची’ घेतला, त्यात ही भूमिका रवी घोष या विनोदी नटाने केली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

यंत्रमाग चालवणाऱ्या अण्णांना हे मुळीच पटले नाही. “मास्तर, रघू येण्याआधी त्या घरात चूल पेटत नव्हती काय? जया भादुरीची कृष्णा, ती आईबापांविना वाढलेली पुतणी, मुकाट्याने राबतच होती ना? तिच्या हातचा चहा सगळे हक्काने पीत होते. तेच काम बाहेरच्या पुरुषाने केले, तेव्हा मात्र साऱ्यांना त्याचे कौतुक सुचले. आपल्या पूर्व भागात बाई आधी भाकऱ्या थापते आणि मग सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसते. विड्या मोजून तिला मजुरी मिळते, भाकऱ्या मात्र कोणी मोजत नाही.”

माझा कौल अण्णांच्या बाजूने आहे, पण दिग्दर्शकाला हे दिसले नव्हते, असे मला वाटत नाही. दुर्गा खोटे आणि उषा किरण या आपल्या दोन थोर अभिनेत्रींनी रंगवलेल्या सुना दुष्ट नाहीत. आपल्या कामाची कोणी दखल घेत नाही म्हणून त्या कामच टाळू लागल्या आहेत, आणि हे बारकावे दोघींनी इतक्या समजुतीने दाखवले आहेत की त्यांच्या कटकटीत प्रत्येक एकत्र कुटुंबाला आपला आवाज ऐकू यावा. रघू त्यांना उपदेश करतोच, पण त्याआधी तो स्वतः राबतो, आणि म्हणूनच त्याचे बोलणे त्या घराला टोचत नाही.

रघूबरोबर घरातली दागिन्यांची पेटीही नाहीशी होते, त्या प्रसंगावर आम्ही फारसे थांबलो नाही. तो कथेची गाठ सोडवण्यापुरताच आहे. मास्तर मात्र आपल्या मुद्द्यावर ठाम राहिले : पुरुषाने भांडी घासलेली पाहिल्याखेरीज पुरुष प्रेक्षक ते काम पाहतच नाही, म्हणून रघू हवाच. अण्णांनी त्यांना एकच विचारले, “रघू तर शेवटी दुसऱ्या घराकडे निघून जातो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ‘शांती निवास’मधल्या किती पुरुषांनी चहा केला असेल?” मास्तर म्हणाले की, निदान त्या घरातल्या धाकट्या मुलाने, बब्बूने तरी केला असेल, आणि तेवढ्यावर अण्णांचे समाधान झाले नाही.