मावशीची शाकारणी अडवणारा फॉरवर्ड

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मावशीकडे कौलं फिरवायला दोन माणसं आली होती, शिडीही लागली होती. मावशीने त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. "अरे, घर काढून घेणार म्हणतात. कौलाला हात लावला तर केस होईल." वय बहात्तर, घर स्वतःचं, कौलं स्वतःची, आणि भीती मात्र व्हॉट्सअ‍ॅपची.

झालं असं की आमच्या गोव्यातल्या गावी ग्रामसभेत जुनी घरं, तळी आणि मांड (गावाच्या उत्सवांची मोकळी जागा) यांची नोंद करायचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी मेसेज फिरू लागला. यादीत नाव आलं की घर सरकारजमा. मग भिंतीत खिळासुद्धा ठोकता येणार नाही. हे सगळं फक्त पोर्तुगीज घरांसाठी आणि चर्चसाठी, देवळांना काही नाही. हेरिटेजपायी मुलांचं मैदान आणि उन्हाळी शिबिर बंद. शेवटी सल्ला: यादी व्हायच्या आत जुनं घर पाडा, स्लॅब घाला आणि मोकळे व्हा. खाली तीन हात जोडलेले, 'जास्तीत जास्त शेअर करा'.

सरकारजमा म्हणे. देशातला सगळ्यात कडक कायदा १९५८ चा, केंद्राच्या संरक्षित स्मारकांचा. त्यातसुद्धा वास्तू किमान शंभर वर्षांची लागते, आधी दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात. एवढं करून संरक्षित ठरली तरी मालकी आपोआप हलत नाही. सरकारला ती हवी असेल तर विकत घ्यावी लागते, भाड्याने किंवा दान म्हणून घ्यावी लागते, नाहीतर रीतसर भूसंपादन करून मोबदला द्यावा लागतो. ही गोष्ट फोंड्याची सफा मशीद किंवा तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर अशा दर्जाच्या वास्तूंची. पंचायतीच्या वहीत नोंद झाल्याने मावशीच्या घराचं कुणी काय नेणार? मजा म्हणजे त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की पंचायतीला यातला काडीचाही अधिकार नाही. मग घर जमा करणार कोण, तलाठी?

आता खिळा. मला राग आला तो इथे.

२०१० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. 'खिळा'वाले याचंच भूत नाचवतात. पण त्याच दुरुस्तीत 'बांधकाम' म्हणजे काय तेही लिहून ठेवलंय, आणि असलेल्या इमारतीची दुरुस्ती व नूतनीकरण त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलंय. अगदी त्या १०० मीटरांच्या आतही, १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर दुरुस्त करायला परवानगी मागता येते. आणि मावशीच्या घराजवळ असलं कुठलंच स्मारक नाही. पणजीत फोन्तेन्यासला, त्या जुन्या घरांच्या वस्तीत, एकदा जाऊन या. संवर्धन क्षेत्र आहे ते. लोक तिथे राहतात, गेस्ट हाऊस चालवतात, भिंतींना रंग देतात. खिळेही ठोकत असतीलच.

उलट नुकसान कशाने होतं ते मी मागच्या श्रावणात पाहिलं. मावशीच्या राजांगणाच्या, म्हणजे घरातल्या मधल्या चौकाच्या, कोपऱ्यात एक मंगळुरी कौल फुटलं होतं, एवढंच. रीप भिजली, खालचा वासा काळा पडला, आणि आज त्यात बोट घातलं तर आत जातं. दीड हात जाड चिऱ्यांची भिंत, खिडकीला अजून शिंपल्यांची तावदानं, आणि हे सगळं टिकून आहे ते दर वर्षीच्या शाकारणीवर. ती एक वर्ष चुकवा, मग हेरिटेजवाल्यांना बोलवायची गरजच राहत नाही.

आणि 'पाडून मोकळे व्हा'? पाडलं की नवीन बांधायला नवा परवाना लागतो. रस्त्यापासून अंतर सोडावं लागतं. मावशीची ओसरी रस्त्याला टेकलेली, म्हणजे पुढचा अर्धा भाग गेलाच. शिवाय मुंबई, पुणे, बेळगावला पांगलेल्या हिश्शेकऱ्यांच्या सह्या. मेसेज लिहिणारा त्या आणून देणार आहे का?

फक्त चर्च? नार्व्याचं सप्तकोटेश्वर देऊळ राज्य संरक्षित आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करवला, आणि आता राज्याने दुरुस्त करून ते फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा खुलं केलं. इथून नार्वे काही लांब नाही, जाऊन बघा. यापुढे या मुद्द्यावर बोलायची माझी इच्छा नाही.

मैदानाचं सांगतो. आमच्या गावात धालो आणि शिगमो हे उत्सव ज्या मांडावर होतात, तिथेच उरलेलं वर्षभर पोरं क्रिकेट खेळतात आणि मे महिन्यात शिबिर भरतं. मांडाची नोंद झाली तर तिथे उद्या कुणी सहज काँक्रीट ओतणार नाही, पोरांचा फायदाच आहे. मैदान खाल्लं ते हेरिटेजने नव्हे. एका कोपऱ्यात सभागृह आलं, दुसऱ्यात पेव्हर घालून पार्किंग झालं, आता चौकार मारला की चेंडू कुणाच्या तरी गाडीवर. तेव्हा एकही फॉरवर्ड आला नव्हता.

एक मान्य करतो, नाइलाजाने. सरकारी जपणुकीवर लोकांचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेल्या पणजीच्या कला अकादमीचं नूतनीकरण चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते तेही खरं. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधून सापडत नाही, आणि जुनं घर जपायचा खर्च शेवटी मालकाच्याच खिशातून जातो. नोंद करणाऱ्यांनी या खर्चाचं काय ते पुढच्या ग्रामसभेत सांगावं. मी विचारणार आहे. पण म्हणून घर पाडा, हा कुठला न्याय?

मावशीला कायद्यातली दुरुस्ती वगळणारी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचली, मग म्हणाली, "मग त्या माणसांना फोन लाव." लावला. शनिवारी येतो म्हणालेत, त्याआधी पाऊस नाही आला म्हणजे झालं. साठेक कौलं कमी पडतायत. कुणाकडे जुनी मंगळुरी पडून असतील तर कळवा, टेम्पो घेऊन येतो.